शनिश्चरी अमावस्येची पाहणी

विम्याचा धंदा मला कळत नाही असं म्हणणारे लोक आमच्या मराठी मंडळात पुष्कळ आहेत. त्यांतले निम्मे विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. मी त्यांना सांगतो, मला तो फार चांगला कळलेला आहे. आपण हप्ता द्यायचा आणि त्यांनी कारणं द्यायची. हप्ता आधी द्यावा लागतो, कारणं नंतर मिळतात, आणि त्यांच्याकडे कारणांचा तुटवडा मी कधी पाहिला नाही.

शिप्रेवर, रामघाटाच्या थोडं खाली, माझ्या पायडलच्या नावा होत्या. फायबरच्या, पुढे बदकाचं तोंड, मागे शेपूट, एका नावेत चार जण. पुढच्या दोघांनी सायकलसारखे पाय चालवायचे, खाली चक्र फिरतं, नाव पुढे जाते. त्याआधी मी फ्रीगंजमध्ये तासावर सायकली भाड्याने देत असे. मग ज्याच्या त्याच्या घरी मोपेड आली, आणि माझ्या सायकलींच्या गाद्यांवर धूळ बसू लागली. लोक पायडल मारायचे पैसे देतात हे मला माहीत होतं. रस्त्यावर ते द्यायचे बंद झाले, म्हणून मी त्यांना पाण्यावर नेलं.

आमच्या नातलगांना हे फार लागलं. आमचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायला इकडे मालव्यात आले, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात कोणी स्वतःच्या पैशाने काही सुरू केल्याची नोंद नाही. एक काका माधवनगरहून मुद्दाम घरी आले.

"आपल्यात कोणी नाव हाकली नाही आजपर्यंत," ते म्हणाले.

"मी कुठे हाकून राहिलो, काका? लोक स्वतःच हाकतात. वरून पैसे देतात."

काका चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी नातवंडांना घेऊन घाटावर आले आणि तिकीट न काढता बसले.

ती उदारीकरणाची वर्षं होती. आमच्या गणपतीत त्यावर व्याख्यानसुद्धा झालं. वक्ते म्हणाले, आता परमिट-लायसनचं राज्य संपलं, उद्योजकाला मोकळं मैदान आहे. व्याख्यान संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, मग नगर निगम माझ्या बदकांसाठी एवढे कागद का मागून राहिलं? ते म्हणाले, "हे वरून सुरू झालेलं आहे. निगमपर्यंत यायला वेळ लागेल."

निगमपर्यंत जे आलं ते वेगळंच होतं. दुसऱ्या कुठल्यातरी गावात तलावात नाव उलटली, पेपरात फोटो आले, आणि इकडे आमच्या निगमने हुकूम काढला की पायडलच्या नावा चालवणाऱ्याने बसणाऱ्या लोकांचा आणि नावांचा विमा काढलाच पाहिजे. विमा नसेल तर नावा काठावर उलट्या ठेवायच्या. केवटांच्या लाकडी नावांना हा हुकूम नव्हता. त्यांत घाटावरचे गुरुजी, यजमान आणि यजमानांच्या दूरदूरच्या आत्या एकदम भरलेल्या असायच्या, पण ती परंपरा होती. माझी चार जणांची बदकं हा व्यवसाय होता, आणि व्यवसाय बुडू शकतो.

विम्याच्या चार कंपन्या होत्या. चारही सरकारी, चारही एकाच आईच्या लेकी. एकीने नाही म्हटलं की उरलेल्या तिघी विचारायच्या, "पहिलीने काय सांगितलं?" त्यांतल्या एकीने माझा विमा काढला होता. तिथले जुने साहेब मालव्यातलेच, सुपारी चघळत सही करणारे. पहिली दोन वर्षं त्यांनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही सांगितलं नाही, आणि नदीनेही आमच्यात तोंड घातलं नाही. मग ते बदलून गेले आणि पुण्याहून नवे साहेब आले.

नव्या साहेबांचं ऑफिस फ्रीगंजमध्ये, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. खाली मावा परतल्याचा वास, वर जिन्यात युनियनचा कापडी फलक: खासगी कंपन्यांना विमा क्षेत्रात येऊ देणार नाही. फलकाखाली कर्मचारी उन्हात उभे राहून घोषणा देत होते आणि आत टेबलांवर कोणी नव्हतं. मी मनात म्हटलं, खासगीवाले आले तरी यांना कळणार कसं?

साहेब सफारी सूट घालत. बोलणं स्वच्छ, धुऊन वाळवल्यासारखं.

"पॉलिसी संपून राहिली साहेब, येत्या सोमवारी," मी म्हटलं. "रिन्यू करायची."

"संपते आहे," साहेब म्हणाले.

"तेच तर मी सांगून राहिलो."

"सांगतो आहे."

एवढं मराठी सुधारून झाल्यावर आम्ही हप्त्याकडे वळलो. मी भाव केला. मी सगळीकडेच करतो. फायबरच्या कारखान्यात केला, निगममध्ये केला, लग्नात केला. साहेबांनी चष्मा काढला.

"अहो, हा भाजीबाजार नाही. दर ठरलेला असतो."

"साहेब, दर ठरलेला असतो तेव्हाच भाव करता येतो. ठरलेलाच नसेल तर बोलायचं कशावर?"

हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी फाईल बंद केली आणि म्हणाले, पाहणी केल्याशिवाय नूतनीकरण होणार नाही. आधीच्या साहेबांनी एकदाही पाहणी केली नाही हे त्यांना अक्षम्य वाटत होतं. मी म्हटलं, जरूर करा, आज चला, उद्या चला.

"शनिवारी येईन. दुपारी. अर्धा दिवस असतो, आणि घरी पाहुणे आहेत पुण्याचे, त्यांनाही नदी दाखवता येईल."

"या शनिवारी नाही जमणार साहेब. शनिश्चरी अमावस आहे. त्या दिवशी मी नावा बंद ठेवतो. नंतरही दोन-तीन दिवस."

इथे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. अमावस्या शनिवारी आली की आमच्याकडे नदीच्या वरच्या अंगाला, इंदूर रोडवरच्या त्रिवेणीवर, शनीच्या देवळापाशी खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो. नदीत स्नान करायचं आणि अंगावरचे जुने कपडे, पायातल्या चपला तिथेच सोडून नवे घालून घरी जायचं. आपली पनोती, म्हणजे मागे लागलेलं वाईट, त्या कपड्यांबरोबर सुटतं. घाटावर धोतरं, साड्या, शर्ट, बूट यांचे डोंगर होतात. निगमवाले ते ट्रॉल्या भरभरून नेतात. पण पुष्कळ लोकांना पनोती काठावर ठेवून भरवसा वाटत नाही. ते ती पाण्यात सोडतात. आणि पाणी आमच्याकडे येतं. दुपारनंतर साड्या पाण्याच्या जरा खालून, दिसणार नाहीत अशा, सरपटत येतात आणि माझ्या नावांच्या चक्रात शिरतात. पहिल्या वर्षी एक नऊवारी चक्रातून कापून काढताना मी शनीला नाही, कापडगिरणीला शिव्या घातल्या. इतकं मजबूत कापड मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून त्या दिवशी नावा बंद.

हे सगळं मी साहेबांना सांगणार होतो. "अमावस आहे" एवढ्यावरच त्यांनी हात वर केला.

"कळलं."

"नाही साहेब, ऐका तर. लोक तिथे कपडे—"

"अहो कळलं मला. पनोती वगैरे. तुम्ही शिकलेले दिसता, व्यवसाय करता, आणि अमावस्या पाळता? मुलांना काय शिकवणार तुम्ही?"

"अमावस नाही पाळत मी. ते चक्र—"

"राशीचक्र, ग्रहचक्र, सगळं ऐकलंय मी. आमच्या घराण्यात आजोबांपासून हे बंद आहे. आणि ही शासकीय पाहणी आहे. ग्रहांना विचारून होत नसते."

त्यांचे आजोबा काय करत होते ते मला पाच मिनिटं ऐकावं लागलं. मी पुन्हा दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्यांनी ते बंद केलं. शेवटी म्हणाले, शनिवारी पाहणी नाही तर नूतनीकरणही नाही. सोमवारी पॉलिसी संपत होती. शिप्रेत नावा चालतील एवढं पाणी वर्षातले थोडे महिने असतं, आणि ते आत्ताच सुरू झाले होते. हेच महिने माझं वर्ष. नावा काठावर गेल्या असत्या तर उन्हाळ्यात मी घरात काय शिजवणार होतो? मी हो म्हटलं. मला अजून त्या होकाराचा राग येतो, आणि तो मी साहेबांच्या खात्यावर लिहून ठेवलेला आहे.

शनिवारी दुपारी ऑफिसच्या जीपमधून पाहणी उतरली. साहेब, वहिनी, पुण्याहून आलेला मेहुणा, मेहुण्याची बायको आणि साहेबांच्या सासूबाई. बरोबर डबा, थर्मास आणि कॅमेरा. घाटावर माझा केवट उभा होता. तो माझ्याकडे नावा सोडायला-बांधायला होता, नदीवर जन्मलेला, तोंडाचा फटकळ. त्याने आधी जीपकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे.

"सेठ, आज? पागल हो गए क्या?"

"साब की पाहणी है."

"तो पाहणी किनारे से कर लें. आँखें तो हैं साब को."

मेहुणा सभ्य माणूस होता. त्याने खिशात हात घातला. "तिकीट कितीचं?"

"अरे, तिकीट कसलं!" साहेब म्हणाले. "मी पाहणीला आलोय."

मी पाचही जणांना तरंगणारी जॅकेटं दिली. वहिनींनी घातलं, मेहुण्याने घातलं, त्याच्या बायकोने घातलं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं, दर्जा बरा आहे म्हणाले आणि परत दिलं. सफारीवर ते फोटोत वाईट दिसलं असतं. सासूबाई मागेच थांबल्या होत्या.

"मी इथे पायरीवर बसते," त्या म्हणाल्या. "मला त्या बदकात नका घालू."

"आई, तुम्ही भ्यालात तर या लोकांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे. मी त्यांना ओळखत नाही."

"साहेब," मी म्हटलं, "नाव चारचीच आहे. आजींना राहू द्या."

"मी वजन नीट वाटून देतो," साहेब म्हणाले, आणि चहाच्या टपरीवरून एक प्लास्टिकचं स्टूल मागवून सासूबाईंना नावेच्या मधोमध बसवलं. त्या मांडीवर डबा घेऊन बसल्या. चेहऱ्यावर, जावई बोलतोय तर बोलू दे, असा भाव. पुढे साहेब आणि मेहुणा पायडलवर, मागे दोघी बायका. केवटाने नाव ढकलली, ढकलताना जे पुटपुटला ते मी इथे लिहीत नाही.

सुरुवातीला छान चाललं. साहेब मान वळवून मेहुण्याला शिप्रेचा इतिहास सांगत होते. नाव छोट्या पुलाच्या बाजूला जरा पुढे गेली आणि मेहुण्याचा आवाज आला.

"भाऊजी, पायडल जड झालंय."

"सवय नाही तुम्हाला. जोर लावा."

दोघांनी जोर लावला. नाव जागच्या जागी वळू लागली. केवट काठावरून ओरडला, "सेठ, लिपट गई! साड़ी है! उल्टा मारने को बोलो!"

"साहेब, उलटं मारा!" मी ओरडलो. "उलटं!"

साहेबांना "उलटं" एवढंच ऐकू आलं असावं. त्यांना वाटलं नाव उलटतेय. ते पायडलवर तसेच उभे राहिले आणि वळून मला विचारू लागले, "काय? काय म्हणताय?" उभा साहेब आणि पाचवं माणूस ही गोष्ट बदकाला मानवली नाही. नाव कलली, पाण्याबरोबर सरकली आणि तिचं तोंड पुलाच्या खांबावर आपटलं. फायबर फुटल्याचा आवाज काठापर्यंत आला. साहेब पाण्यात गेले.

ते जे ओरडले त्याने रामघाटावरचे पितरसुद्धा जागे झाले असते. "वाचवा! बुडालो! वाचवा!" केवट पोहत गेला, त्यांच्याजवळ पोचला, आणि उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं.

"साब," तो शांतपणे म्हणाला, "खड़े हो जाओ."

साहेब उभे राहिले. पण चालता येईना. त्यांच्या दोन्ही पायांना एक लालभडक साडी गुंडाळली गेली होती, आणि तिचं दुसरं टोक चक्रात. केवटाने ती सोडवून वर धरली. घाटावर तोवर गर्दी जमली होती. आणि नावेत, फुटलेल्या बदकात, स्टुलावर सासूबाई जशाच्या तशा बसून होत्या, कोरड्या, मांडीवर डबा. त्यांनी साडी पाहिली, आणि त्या पहिल्यांदा घाबरल्या.

"अगं बाई! ही कोणाची तरी सोडलेली आहे! जावईबापू, हात लावू नका तिला! कोणाची पनोती पायाला घेऊन उभे आहात!"

"आई, गप्प बसा," साहेब पाण्यातून म्हणाले. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे त्यात आजोबांचा बाणा उतरला नाही.

काठावर आल्यावर त्यांनी पंचासुद्धा न घेता माझ्यावर तोफ डागली. निष्काळजीपणा. जीवघेणा निष्काळजीपणा. पाण्यात काय आहे याची सूचना नाही, फलक नाही.

माझं डोकं तापट आहे, त्या दिवशी ते उकळलं. "मी चार वेळा सांगायला गेलो तुम्हाला! तुम्ही ऐकलं?"

"तुम्ही अंधश्रद्धा सांगत होता!"

"मी चक्र सांगत होतो! लोखंडाचं! नावेच्या खालचं!"

"मग तसं स्पष्ट मराठीत सांगायचं!"

गर्दीत कोणीतरी हसलं. वहिनींनी साहेबांचा हात धरला आणि पाहणीला जीपमध्ये घातलं. घाईत त्या माझं जॅकेट अंगावर घेऊनच गेल्या.

सोमवारी मी ऑफिसमध्ये गेलो. दोन कामं होती: फुटलेल्या नावेची भरपाई मागायची आणि पॉलिसी पुढे चालू करून घ्यायची. निगमचा माणूस सकाळीच घाटावर येऊन गेला होता. आज कागद नाही आला तर उद्या नावा काठावर, असं सांगून गेला होता. साहेब इस्त्रीच्या शर्टात होते. सफारी नव्हती.

"भरपाई मिळणार नाही," ते म्हणाले. "पॉलिसीत स्पष्ट आहे, नावेत तिकीटधारक प्रवासी असतील तरच."

"तिकीट तुम्हीच नाही घेतलं!"

"बरोबर. म्हणून अपात्र."

"आणि घेतलं असतं तर?"

"तर चारच्या नावेत पाच प्रवासी झाले असते. तरीही अपात्र."

"म्हणजे कसंही केलं तरी नाही."

"कसंही नाही हो. नियमाने नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पुढे म्हणाले, नूतनीकरणही होणार नाही. या नदीत जोखीम फार आहे, ती त्यांनी स्वतः अनुभवलेली आहे.

मी उरलेल्या तिन्ही कंपन्यांत गेलो. तिघींनी विचारलं, पहिलीने काय सांगितलं? दुपार उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी निगमचा माणूस चार मजूर घेऊन आला आणि त्यांनी माझी बदकं एकेक करून ओढून काठावर उलटी घातली. पोटं वर, चक्रं हवेत. केवट पायरीवर बसून बिडी ओढत म्हणाला, "सेठ, मरी हुई लग रही हैं." मी त्याला गप्प केलं. पाण्याची पातळी तेवढी चांगली आमच्याकडे फार दिवस राहत नाही. प्रत्येक दिवस जात होता तो माझाच जात होता.

त्याच दिवशी वहिनी रिक्षाने घाटावर आल्या. हातात पिशवी, पिशवीत धुऊन वाळवलेलं माझं जॅकेट.

"तुमचं राहिलं होतं माझ्याकडे," त्या म्हणाल्या. उलट्या नावांकडे बघून जरा ओशाळल्या. "यांनी केलं हे?"

"नियमाने केलं, वहिनी."

"काय सांगू तुम्हाला. आई त्या दिवसापासून जेवेनात. म्हणाल्या, जावयांनी परक्याची पनोती घरात आणली, ती सोडून आल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. दोन दिवस घरात नुसता वाद. शेवटी आज पहाटे गेले."

"कुठे गेले?"

वहिनी हसल्या. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो मनापासून नव्हता. "त्रिवेणीला. अंघोळ करून सफारी तिथेच सोडून आले. नवीन होती हो, दिवाळीत शिवलेली. बूटही सोडले. लुंगीवर परत आले. कोणाला सांगू नका हं."

मी वहिनींना चहा पाजला. मग हातपाय धुऊन, डोक्याला तेल लावून फ्रीगंजला गेलो.

ऑफिसच्या खाली घोषणा चालू होत्या. आज सगळे कर्मचारी खाली होते, त्यामुळे मी वर न जाता तिथेच उभा राहिलो आणि मोठ्याने एकाला विचारलं, पाहणी करताना साहेबांबरोबर सासूबाईसुद्धा लागतात, असा कंपनीचा नियम कधीपासून झाला? घोषणा थांबल्या. दोघं-तिघं जवळ आले. मी नावेची गोष्ट सांगितली, स्टुलापर्यंत. लोक जिन्याच्या कठड्याला धरून हसत होते. वरच्या खिडकीतून साहेबांनी मला पाहिलं आणि शिपायाला पाठवलं.

केबिनचं दार त्यांनी स्वतः लावलं. "तुम्ही ऑफिसची बदनामी करताय."

"साहेब, मी स्टुलापाशी थांबलो. पुढचं सांगितलं नाही अजून."

"पुढचं काय?"

"सफारी चांगली होती. दिवाळीतली ना?"

साहेबांचा रंग गेला. ते उठून दाराची कडी नीट लागली आहे का ते बघून आले. युनियनवाल्यांना हे कळलं असतं तर त्यांनी खासगीकरण सोडून त्यावरच घोषणा रचल्या असत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी काही धमकी दिली नाही. मी नुसता बसलो आणि चहा मागवला.

"नूतनीकरण होईल," ते शेवटी म्हणाले. "भरपाईचा विचार सोडा. त्यात मला काही करता येत नाही."

मी भाव केला. अर्धी भरपाई तरी. नाही. दुरुस्तीचा खर्च तरी. नाही. मग यंदाचा हप्ता कमी. ते ऐकताच साहेबांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. हाताखालच्या टायपिस्टाला वर बोलावून त्यांनी एक जोडपत्र सांगायला सुरुवात केली, स्वच्छ, धुतलेल्या मराठीत. शनिश्चरी अमावस्येच्या दिवशी व त्यानंतरचे तीन दिवस नौका पूर्णपणे बंद ठेवाव्यात. नदीप्रवाहातील वस्त्रे चक्रात अडकून होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही. या विशेष जोखमीस्तव हप्त्यात जादा आकार.

मी ऐकत होतो. "साहेब, अट घातली म्हणजे जोखीम कमी झाली. हप्ता कमी व्हायला पाहिजे."

"अट घालावी लागली म्हणजे जोखीम आहे हे सिद्ध झालं. म्हणून जादा."

"पण हा नियम तर माझाच आहे! मीच तो पाळत होतो. फुकट!"

"होता," साहेब म्हणाले. "आता कंपनीचा आहे. वाचून सही करा."

मी उठलो. खुर्ची मागे पडली. दार उघडून खाली जाऊन सफारीची गोष्ट सांगितली असती तर साहेबांची बदली झाली असती, आणि माझ्या नावा मात्र काठावरच राहिल्या असत्या. नव्या साहेबांनी येऊन नवी पाहणी केली असती. तोवर शिप्रा घोट्यापर्यंत आली असती. मी खुर्ची उचलून सरळ केली, बसलो आणि सही केली. साहेबांनी शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. बाळाला घालतात तशी.

निगममध्ये बाबू डबा उघडून बसला होता. मी कागद पुढे केला. त्याने पहिलं पानसुद्धा उलटलं नाही.

"विमा है ना?"

"है. पर इसमें एक शर्त लिखी है, पढ़ तो लो."

"पढ़ने का क्या है भिया, है तो है." त्याने लोणच्याचं बोट वर धरून दुसऱ्या हाताने ठप्पा मारला.

अटीचे तीन दिवस संपल्यावर, बुधवारी सकाळी, आम्ही बदकं सरळ करून पाण्यात सोडली. चोच फुटलेलं एक काठावरच ठेवलं. त्याची दुरुस्ती मी माझ्या खिशातून केली, आणि त्या वर्षी मागच्या वर्षापेक्षा जास्त हप्ता भरला. आता मंडळात हा विषय निघाला की विमा कंपनीतून निवृत्त झालेले लोक मला समजावतात, जाऊ द्या हो, नावा तर चालल्या ना तुमच्या. चालल्या. म्हणून मी त्यांच्याशी अजून बोलतो तरी.